अल्पशक्ती नभोवाणी आणि नगर जिल्हा : श्रोत्यापासून वक्त्यापर्यंत

नभोवाणीचा इतिहास लिहिताना केंद्राची स्थापना, प्रक्षेपकाची शक्ती आणि कार्यक्रमांचे स्वरूप यांनाच सामान्यतः प्राधान्य मिळते. ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा मूलभूत प्रश्न मागे राहतो. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) या प्रश्नाचा मागोवा दोन टप्प्यांत घेता येतो : १९५६ मधील श्रोतृमंडळांचा प्रयोग आणि नगर शहरातील ‘रेडिओ नगर ९०.४’ हे सामुदायिक केंद्र.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर युनेस्कोच्या साहाय्याने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. अहमदनगर हा त्यांपैकी एक जिल्हा होय. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा, याप्रमाणे वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करीत, आणि मंडळाचा चिटणीस निष्कर्ष व शंका पुण्यास कळवी. शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळ अधिक झाल्याचे त्यांत दिसून आले. ज्ञानवृद्धीचे श्रेय यंत्राइतकेच चर्चेलाही होते, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि या रचनेला एक मर्यादा होती. गावकऱ्याचा प्रश्न टपालाने पुण्यास जाई. विषयाची निवड आणि अखेरचा शब्द मात्र केंद्राचाच असे. पुढे ट्रान्झिस्टर घरोघर पोहोचला, आणि ऐकणे ही सामूहिक कृती न राहता खाजगी बाब झाली.

दुसऱ्या टप्प्याचा पाया न्यायालयात घातला गेला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. २००२ अखेरच्या धोरणाने शिक्षणसंस्थांना, आणि नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने नोंदणीकृत लोकसेवी संस्थांनाही सामुदायिक केंद्राची वाट मोकळी झाली. ‘रेडिओ नगर’ चालविणारी ‘स्नेहालय’ ही अशीच संस्था होय. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्य देहविक्रयाच्या चक्रात अडकलेल्या स्त्रिया, त्यांची मुले व एच.आय.व्ही.बाधित यांच्यामध्ये आहे. ज्यांचा शब्द गावच्या चावडीवरही ऐकला जात नसे, त्यांच्यात वावरणाऱ्या संस्थेच्या हाती प्रक्षेपक यावा, ही घटना लहान नव्हे.

या केंद्रांची शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॉट, आणि पल्ला दहा-बारा किलोमीटर असतो. बारा किलोमीटरचे वर्तुळ धरले तरी क्षेत्र सुमारे ४५० चौरस किलोमीटर भरते. जिल्ह्याचे क्षेत्र मात्र १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. अकोल्याच्या डोंगराळ भागातील आदिवासी पाड्यांपर्यंत नगरचा आवाज पोहोचणे शक्य नाही. परंतु ही उणीव हेच या माध्यमाचे बळही आहे. वर्तुळ लहान असल्यामुळे बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांस ओळखू शकतात. २००६ च्या धोरणाने निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक सहभागातून व्हावेत असा दंडक घातला, तो याच विचाराने. मात्र स्वतःच्या वार्तांकनास मज्जाव कायम राहिला. पुढे मिळालेली सवलत आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देण्यापुरतीच होती. म्हणजे बोलण्याचा अधिकार आला, पण अर्धाच.

इतिहासाच्या अभ्यासकास याहून चिंतेची बाब निराळीच आहे. त्याच धोरणानुसार कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपणे बंधनकारक आहे; त्यापुढील जतन केंद्राच्या इच्छेवर आणि ऐपतीवर अवलंबून राहते. १९५६ चा प्रयोग अवघ्या दहा आठवड्यांचा, तरीही १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या अहवालामुळे तो आजही अभ्यासता येतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या केंद्राचे शब्द मात्र हवेत विरून जाण्याचा संभव आहे. गावकऱ्यांनी पुण्यास पाठविलेल्या शंकांची निदान टिपणे झाली होती. आता ते स्वतः बोलू लागले असता त्यांचे बोलणे दप्तरी राहू नये, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. विद्यापीठांनी अशा केंद्रांची ध्वनिमुद्रणे वेळीच संग्रहित केली, तरच या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे हे साधन पुढील पिढीच्या हाती पडेल.