खडकीला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता

मध्यंतरी आम्ही काही जणांनी एक छोटं काम हाती घेतलं होतं. ऑफिसात सगळे ज्या चॅट ॲपवर बोलतात, त्यातच एक जोडसुविधा बसवायची. सर्व्हर बंद पडला, पेमेंट अडकलं, की तिथल्या तिथे एक कमांड टाइप करायची आणि बिघाडाची नोंद व्हायची. काम करताना लक्षात आलं की हा प्रश्न जुना आहे. आज आपण त्याचा इतिहास पाहू, आणि सुरुवात खडकीपासून करू.

खडकी म्हटलं की १८१७ ची लढाई आठवते, दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. बिनतारी केंद्र सहसा आठवत नाही. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत-इंग्लंड ‘बीम’ बिनतारी तारसेवा सुरू झाली. तंत्र मार्कोनी कंपनीचं: लघुलहरी चहूकडे न उधळता झोतासारख्या एकाच दिशेने सोडायच्या. संदेश पाठवणारं केंद्र होतं खडकीला आणि घेणारं दौंडला. इंग्लंडातही तशीच विभागणी होती. पाठवणारं केंद्र ग्रिम्सबीजवळ, घेणारं स्केग्नेसजवळ.

असं लांब लांब का? कारण जोरकस प्रक्षेपकाच्या शेजारी बसून हजारो मैलांवरचा क्षीण संदेश ऐकणं म्हणजे ढोल-ताशा पथकात उभं राहून कुजबुज ऐकण्यासारखं आहे.

पण यातून एक गंमतीची अडचण निघते. आपला संदेश पलीकडे नीट पोचतोय का, हे खडकीला स्वतःहून कळत नाही. दोष आधी दिसतो इंग्लंडात. तिथून तक्रार ग्रिम्सबीमार्गे निघणार, दौंडला उतरणार, तारेने मुंबईच्या तारघरात जाणार आणि मग खडकीला पोचणार. थोडक्यात, ज्याच्या हातात दुरुस्ती आहे, त्याला बिघाड सगळ्यांत शेवटी कळतो! आजच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. आपल्या पडद्यावर सगळं हिरवं दिसत असतं आणि ग्राहक मात्र ताटकळत असतो.

ही बातमी लवकर पोचावी म्हणून बिनतारीवाल्यांकडे एक साधन आधीपासून होतं. १९१२ च्या लंडन परिषदेत ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत ठरले. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या केंद्राचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे वातावरणाची खरखर, क्यूआरएस म्हणजे सावकाश पाठवा. पुढे प्रश्नचिन्ह लावलं की तोच संकेत प्रश्न होतो. भाषा कुठलीही असो, तीन अक्षरांत काम भागतं. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात कुणावर ठपका नाही. ‘तुम्ही चुकलात’ असं तो म्हणत नाही. ‘इथे असं ऐकू येतंय’ एवढंच सांगतो.

१९८८ मध्ये आलेल्या आयआरसी या चॅट पद्धतीत तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या कमांड रूढ झाल्या आणि आजच्या चॅट ॲपांनी त्याच उचलल्या. या कमांड म्हणजे क्यू-संकेतांची नातवंडंच म्हणा ना. आमचा पहिला फॉर्म लांबलचक होता. त्यात ‘चूक कोणाची’ असाही एक रकाना होता. साहजिकच कुणी तो भरेना. आम्ही तीनच गोष्टी ठेवल्या: काय दिसतंय, कुठे, केव्हापासून. मग नोंदी येऊ लागल्या.

तरी एक प्रश्न उरतोच. चॅटच बंद पडलं तर? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास ठप्प झालं. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर असल्यामुळे बंद पडली होती. इथेही इतिहासाकडे उत्तर आहे. बीम सेवा स्वस्त होती. तिच्यापुढे समुद्राखालच्या केबली तोट्यात जाणार, हे दिसतच होतं. तरीही सरकारांनी केबली मरू दिल्या नाहीत, दोन्हींचं एकत्रीकरण केलं. भारतात १९३२ मध्ये रेडिओ आणि केबल एका कंपनीखाली आले. हेतू व्यापाराचा होता, तसाच संरक्षणाचाही. एक वाट तुटली तर दुसरी हवी.

म्हणून आम्ही शेवटी काय केलं? कमांड ठेवलीच, पण शिफ्टवर असलेल्या माणसाचा फोन नंबर कागदावर लिहून भिंतीवरही चिकटवला. वाट मोडल्याची बातमी त्याच वाटेने येईल, या भरवशावर आपण बसायचं नाही.