बोर्नव्हिल

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराची आदर्श वसाहत. प्रत्येक मनुष्यात ईश्वरी प्रकाश असतो, या क्वेकर पंथाच्या श्रद्धेनुसार कामगारांशी बंधुभावाने वागावे, असे रिचर्ड व जॉर्ज कॅडबरी हे बंधू मानीत. १८७९ मध्ये त्यांनी आपला चॉकलेटचा कारखाना शहराच्या दाट वस्तीतून येथे हलविला. पुढे जॉर्जने बागांसह घरे बांधविली व १९०० मध्ये ती विश्वस्त निधीकडे सोपविली. ती केवळ स्वतःच्या कामगारांपुरती राखली नाहीत. या बंधुभावाची खरी कसोटी मात्र दूरदेशी लागली. साऊँ टोमे या पोर्तुगीज बेटावर गुलामसदृश मजुरांकडून कोको पिकविला जातो, हे १९०१ मध्ये कंपनीच्या कानी आले. पण तेथील खरेदी १९०९ मध्ये थांबली. त्याच वर्षी ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्रावरील अब्रुनुकसानीचा दावा कंपनीने जिंकला; परंतु ज्यूरीने भरपाई दिली ती एका फार्दिंगची.