पाण्याखाली गेलेली दोन गावं

पावसानं ओढ दिली की इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये लोक गाड्या काढून लेडीबाउअर धरणावर जातात. पाणी खूप खाली गेलं की तळातून डरवेंट गावाचे अवशेष वर येतात. १९७६, १९९५, २०१८ आणि २०२२ साली असंच झालं. लोक फोटो काढतात आणि परततात. मला मात्र प्रश्न पडतो, या गावात होतं तरी काय?

तसं बघितलं तर फार काही नाही. डरवेंटमध्ये चर्च, शाळा, नदीवर जुना दगडी पूल आणि एक मोठा वाडा, डरवेंट हॉल. त्याच वाड्यात १९३२ पासून डोंगर भटकायला येणाऱ्या पोरांसाठी स्वस्त मुक्कामाची सोय झाली. खालच्या अंगाला अ‍ॅशॉप्टन. शेफील्डहून ग्लॉसॉपकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तिथं वाटसरूंसाठी खाणावळ-मुक्कामाची जागा आणि मेथडिस्ट लोकांचं छोटं प्रार्थनाघर. मेंढ्या, गवत, रविवारची प्रार्थना, संध्याकाळच्या गप्पा. संपलं गाव!

पण शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांना पाणी हवं होतं. १९३५ मध्ये धरणाचं काम सुरू झालं, १९४३ मध्ये पाणी चढू लागलं आणि १९४५ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी उद्घाटन केलं.

पुनर्वसन झालं, हे कबूल करायला हवं. धरणाच्या भिंतीखाली यॉर्कशायर ब्रिज इथं नवी घरं बांधून दिली. कबरीतले मृतदेहसुद्धा काढून बॅमफर्डला पुन्हा पुरले. जुना पूल दगड न् दगड सोडवून नदीच्या वरच्या अंगाला परत उभा केला. चर्चचा मनोरा तेवढा आठवण म्हणून ठेवला होता, तोही १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. अ‍ॅशॉप्टन तर गाळाखाली गेलं, ते दुष्काळातही दिसत नाही. त्याच्यावरून आज मोठ्या पुलावर गाड्या धावतात.

शहरांची तहान खोटी नव्हती. तरीही हिशोब अर्धाच झाला असं मला वाटतं. पूल हलवता येतो, थडगी हलवता येतात. पण शाळेची वाट, खाणावळीतला बाक, कुणाच्या मेंढ्या कुठे चरायच्या याची माहिती, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? मोबदल्याच्या यादीत घर येतं, शेत येतं. शेजार येत नाही.

आपल्याकडे ‘धरणग्रस्त’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसा. गावात काय काय होतं ते विचारा, आणि लिहून ठेवा. पाणी आटेपर्यंत थांबू नका.