'नक्को'चे शहर

हैदराबादच्या जुन्या वस्तीत नकार द्यायचा तर तिथल्या दख्खनी बोलीत 'नक्को' म्हणतात. आपल्या 'नको'चेच ते दणकट रूप. 'मैंइच', 'ऐसाइच' यांतला ठसक्याचा 'च'ही मराठीच. 1591 मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने हे शहर वसवले तेव्हा दरबारात फारसी होती, भोवतीच्या मुलखात तेलुगू, आणि खुद्द सुलतान कविता करायचा दख्खनीत. कुतुबशाहीच्या उत्तरकाळात फर्मानेही फारसी आणि तेलुगू अशा दोन भाषांत निघत.

निजामाच्या राज्यात ही वीण आणखी दाट झाली. प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. कारभार आधी फारसीत, पुढे उर्दूत. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. परभणी-नांदेडहून कोर्टाच्या कामाला आलेल्या माणसाला घरची मराठी पुरत नसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या हमालाला आणि भाजीवालीलाही बाजारात दुसरी भाषा लागे. ती कुणी शिकवली नाही, पोटापाण्याने शिकवली.

या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांच्या भाषाज्ञानाची किंमत वैद्यकाला फार उशिरा कळली.

2007 मध्ये टोरांटोच्या एलन बायलिस्टॉक यांनी दाखवले, की आयुष्यभर दोन भाषा वापरणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसली. पण तिथले बहुतेक द्विभाषिक बाहेरून येऊन स्थायिक झालेले. मग श्रेय भाषेचे की स्थलांतराचे? शिक्षणाचा वाटा किती? हा गुंता सोडवायला अशी जागा हवी होती, जिथे दोन भाषा बोलणारा माणूस तिथलाच असतो आणि निरक्षरही असू शकतो. हैदराबाद नेमके तसे होते.

तिथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटच्या स्मृती-चिकित्सालयात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले 391 जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आला: एकभाषिकांपेक्षा त्यांच्यात आजार साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. निरक्षरांपुरते पाहिले तर फरक सुमारे सहा वर्षांचा. दोनाहून जास्त भाषांचा मात्र वेगळा लाभ दिसला नाही.

असे का व्हावे? एक भाषा बोलताना डोक्यातली दुसरी गप्प बसत नाही, तिला सतत आवरावे लागते. मेंदूचा हा रोजचा व्यायाम त्याची राखीव ताकद वाढवत असावा, असे संशोधकांना वाटते. आजार त्याने टळत नाही, पुढे ढकलला जातो. तोही सर्वांचाच नव्हे; काही दीर्घ पाहण्यांत हा फायदा आढळलेला नाही. 'लॅन्सेट' आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके आहेत. कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा त्यांत आहेत, एकभाषिकता नाही. भाषा बोलतो म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवून चालणार नाही.

तरीही सहा वर्षे म्हणजे नातवंडांची नावे आठवण्याची सहा वर्षे. मराठवाड्यात 1948 पूर्वी, निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत बसलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्यातले कुणी घरात असतील, तर रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना त्यांच्या दोन्ही भाषांत बोलू द्या.