बीभत्स म्हणजे अश्लील नव्हे

डान्स बारवर छापा पडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘बीभत्स हावभाव’ हटकून येतात. बीभत्स म्हणजे अश्लीलच, फक्त एक पायरी वरचे, असा सार्वत्रिक समज आहे. त्याला शास्त्राचा टेकूही देता येतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील दोषाचे तीन प्रकार मानले: लाज आणणारा, जुगुप्सा आणणारा आणि अमंगल सुचवणारा. जुगुप्सा तर बीभत्साचा स्थायी भाव. मग दोन्ही एकच का मानू नयेत?

कारण अश्लील हा शब्दयोजनेतला दोष आहे आणि बीभत्स हा रस. त्याच मम्मटाने बीभत्साचे उदाहरण घेतले ते भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तल्या स्मशानाचे. भुकेने पिसाटलेले पिशाच मांडीवर प्रेत घेऊन बसले आहे. कातडे सोलून आधी ते सुजलेले, कुजका दर्प सुटलेले मांस खाते. मग डोळे फिरवत, दात विचकत हाडांच्या खाचांतले उरलेसुरलेही सावकाश कोरून खाते. यात कामुकतेचा लवलेश नाही. पोटात ढवळते ते सडक्या मांसाने.

भरतमुनींनी तर दोन्ही एक मानण्याची ही वाट आधीच बंद केली आहे. मूळ चार रसांत शृंगार आणि बीभत्स वेगवेगळे. शृंगाराची नक्कल केली की हास्य निपजते आणि बीभत्सातून भयानक. म्हणजे शृंगाराचे विडंबन झाले तरी त्यातून बीभत्स निघत नाही. शब्दाचा जुना वापरही हेच सांगतो. महाभारतात अर्जुनाचे एक नाव बीभत्सु. विराटपर्वात तो राजपुत्र उत्तराला त्याचे कारण सांगतो: युद्धात मी बीभत्स कर्म करत नाही. तिथे घृणा आहे ती क्रौर्याची.

योगापेक्षा, म्हणजे व्युत्पत्तीच्या अर्थापेक्षा, रूढी बलवान, हे मला मान्य आहे. पण रूढीने भाषेला काही द्यावे लागते. नाचासाठी ‘अश्लील’ हा शब्द होताच. महाराष्ट्राच्या डान्स बारविषयीच्या २०१६च्या कायद्यातही ‘अश्लील नृत्य’च आहे. ‘बीभत्स’ तिकडे नेला की खऱ्या शिसारीसाठी तोलामोलाचा शब्द उरत नाही. नामदेव ढसाळांचा मुंबईच्या वेश्यावस्तीतला ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ साली आला. त्याला अश्लील म्हणणे म्हणजे तो न वाचणे. त्यातला रस बीभत्स आहे: माणसाला त्या गटारात लोटणाऱ्या व्यवस्थेची किळस यावी, तिथल्या बाईची नव्हे. छाप्याची बातमी नेमके उलटे करते. पैसे उधळणारा गिऱ्हाईक तीत ‘ग्राहक’ म्हणून सुटतो आणि पोटासाठी नाचणारी पोर बीभत्स ठरते.