भंडारा ते भिलाई : घर हलले, सीमाही हलली

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा देणगीदारांची नावे, कार्यकारिणीचे फोटो, शुभेच्छा हे सर्व छापून येते. पण आपण भिलाईला आलो कसे, हे फारसे कोणी लिहीत नाही. ज्यांनी डोक्यावर ट्रंक घेऊन दुर्ग स्टेशनावर पाऊल ठेवले, त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. म्हणून त्यांच्या तोंडून जे ऐकले आणि कागदोपत्री जे सापडते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

आजच्या मुलांना एक गोष्ट सांगितली तर खरी वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तेव्हा नागपूर महाराष्ट्रात नव्हते. ती जुन्या मध्यप्रदेशची राजधानी होती. भंडारा, चांदा, वर्धा, अमरावती आणि इकडचे दुर्ग, रायपूर, बिलासपूर हे सारे एकाच राज्यात होते. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्यप्रदेशातच राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. म्हणजे एकाच महिन्यात आमच्या माणसांचा धर्म बदलला आणि राज्यही बदलले. धर्म आम्ही स्वतः बदलला. राज्य बदलताना आम्हाला कोणी विचारले नाही.

भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. काम सुरू झाले तशी भंडाऱ्याच्या खेड्यापाड्यांत बातमी पसरली, की दुर्गजवळ लोखंडाचा मोठा कारखाना होऊन राहिला, हात असेल त्याला काम आहे. गावात काय होते? शेती दुसऱ्याची. घरोघरी बायका बिड्या वळायच्या. दिवसभर पान कापून, बिडी वळून सट्टेदाराकडे न्यावे तर तो मूठ-मूठ छाट काढायचा. दीक्षा घेतल्यावर गावकीची कामे आमच्या माणसांनी सोडली. मेलेले ढोर ओढणार नाही म्हटल्यावर कुठे कुठे मजुरीही बंद झाली. तेव्हा नुसत्या पोटासाठी आमची माणसे निघाली असे म्हणणे अर्धेच खरे. मान वर करून दोन घास खाता यावेत, म्हणून ती निघाली.

अंतर फार नव्हते. नागपूर ते दुर्ग रेल्वेने अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. गोंदिया सोडले की आमगाव, सालेकसा, दरेकसा. मग घनदाट जंगल, बोगदा आणि पुढे डोंगरगड. त्या जंगलातच कुठेतरी राज्याची हद्द लागायची. गाडी तिथे थांबायची नाही, म्हणून हद्द कोणाला दिसायची नाही. ट्रंकेत दोन जोड कपडे, एक वळकटी, जर्मनची भांडी आणि मधोमध पांढऱ्या कपड्यात बाबासाहेबांचा फोटो. एका माऊलीने तर पाटा-वरवंटाही घेतला होता. घरधनी चिडले, "कायले नेतेस? तिथं दगड नाही काय?" ती म्हणाली, "तिथच्या दगडाले माह्या हाताची सवय नाही." तो पाटा तिच्या नातसुनेच्या घरी अजून आहे.

आल्यावर राहणे कॅम्पात. कॅम्प एक, कॅम्प दोन ही नावे आज वस्त्यांची आहेत, पण मुळात ती कामगारांच्या छावण्यांची होती. शेजारी छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, बंगाली, पंजाबी. कोणाला कोणाची भाषा येईना. पण नळावर नंबर लावताना जात कोणी विचारत नव्हते, ही गोष्ट जुनी माणसे पुन्हा पुन्हा सांगायची. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या पायाचा मुरूम वाहणाऱ्यांत आमची माणसे होती. पुढे कोणी कायम झाले, कोणाला सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले. घर बसले असे वाटू लागले.

खरी अडचण नंतर कळली. पोरे शिकून मोठी झाली, फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा हद्द पहिल्यांदा दिसली.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना जागा नव्हती. महाराष्ट्र सरकारने आपल्या राज्यात नवबौद्धांना सवलती दिल्या. पण त्या महाराष्ट्रापुरत्या. आपला कारखाना केंद्र सरकारचा आणि राज्य मध्यप्रदेश. इथे फॉर्मवर 'बौद्ध' लिहिले की सवलत गेली. मग घरी बौद्ध आणि कागदावर 'हिंदू महार' असे दुहेरी जिणे कित्येकांनी काढले. काहींनी मात्र 'बौद्ध' हेच लिहिले आणि बढती सोडली. दोघांनाही नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना देशभर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. वाटले, सुटलो.

पण दुसरी गाठ तशीच राहिली. त्याच १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अनुसूचित जातीचा दर्जा त्या त्या राज्याच्या संदर्भात असतो, माणूस दुसऱ्या राज्यात गेला म्हणून तो दर्जा तिथल्या सवलतींसाठी सोबत जात नाही. २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणातही हेच तत्त्व कायम झाले. गंमत अशी, की महार ही जात मध्यप्रदेशच्या यादीत आहे, छत्तीसगढच्याही आहे. जात तीच, यादीतले नाव तेच, तरी बाप कुठून आला हे आधी पाहायचे.

एका कार्यालयातला संवाद आमच्यापैकी अनेकांनी आपापल्या परीने अनुभवला आहे. बाबू विचारतो, "सन पचास में कहाँ के थे?" बाप म्हणतो, "भंडारा." "वो तो महाराष्ट्र में है." बाप हात जोडून सांगतो, "साहेब, सन पन्नासमध्ये भंडारा मध्यप्रदेशातच होता!" बाबू हसतो, "अब तो नहीं है ना." आता यावर काय बोलावे?

शेवटी उपाय गावीच सापडला. केंद्राच्या १९८२ च्या परिपत्रकाप्रमाणे बापाचा मूळ राज्यातला दाखला असला, की मुलाला इकडे दाखला मिळू शकतो. इथल्या राज्याच्या सवलतींना तो चालत नाही, पण केंद्राच्या नोकरीला चालतो. बापाच्या दाखल्यासाठी लागतो जुना पुरावा. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर, नाहीतर कोतवाल बुक. आमच्या आज्यापणज्यांपैकी कित्येक जण गावचे कोतवाल होते. गावातले जन्म-मृत्यू ठाण्यात जाऊन सांगायचे आणि तिथे वही भरली जायची. जी कोतवालकी अपमानाची म्हणून आम्ही सोडली, तिच्याच वहीत आज नातवाचे भविष्य शोधावे लागते. इतिहास असा उलटा फिरतो.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ झाले. घर जागच्या जागी, राज्य पुन्हा बदलले. आता आपली नातवंडे पुणे, हैदराबाद, बंगलोरला निघाली आहेत. ट्रंकेऐवजी चाकाची बॅग आहे, पण हद्द तीच आहे आणि ती तेवढीच अदृश्य आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. प्रत्येक घराने एका वहीत लिहून ठेवावे : मूळ गाव, तहसील, जिल्हा, आजोबांचे पूर्ण नाव, कोणत्या साली आलो, पहिली नोकरी कोणती. कोतवाल बुकाची नक्कल अजून काढली नसेल तर या उन्हाळ्यात गावी जाऊन काढावी, ती पाने दरवर्षी कुरतडली जात आहेत. विहारात होणारी लग्ने, नामकरणे यांची नोंदही तारीखवार ठेवावी. बाबासाहेबांचा फोटो आपल्या माणसांनी पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आणला. तेवढ्याच जपणुकीने आता हे कागद पुढच्या पिढीच्या हाती दिले पाहिजेत.

जयभीम! नमो बुद्धाय!