सेंट कोलंब्स: डेरीतील एक कॅथलिक ग्रामर स्कूल

उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात 1879 साली सेंट कोलंब्स कॉलेज सुरू झाले. नावात कॉलेज असले तरी ही मुलांची माध्यमिक शाळा. डेरीच्या कॅथलिक धर्मप्रांताने ती काढली त्यामागे दोन हेतू होते. पाद्री होऊ इच्छिणाऱ्या मुलांची सेमिनरीत जाण्यापूर्वीची तयारी व्हावी, आणि व्यापारी, शेतकरी, शिक्षक अशा कॅथलिक घरांतल्या मुलांना लॅटिन-ग्रीकसह पूर्ण शिक्षण मिळावे. शाळेला नाव मिळाले ते सहाव्या शतकातील संत कोलंबाचे. आयोना बेटावर जाण्यापूर्वी त्याने डेरीत मठ स्थापला, अशी परंपरा आहे.

कॅथलिकांना अशी शाळा मिळायला उशीर का लागला, याचे कारण कायद्यात आहे. 1695 च्या कायद्याने आयर्लंडमध्ये कॅथलिकांनी शाळा चालवण्यावर बंदी आली. त्या काळात कुंपणांच्या आडोशाला, गोठ्यांत, झोपड्यांत चोरून वर्ग भरत आणि काही ठिकाणी तिथे लॅटिनही शिकवले जाई. 1782 नंतर बंधने सैल झाली, पण पैसा नव्हता. तो आला 1878 च्या माध्यमिक शिक्षण कायद्याने. प्रॉटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा काढून घेतल्यावर त्याच्या मालमत्तेतून शिल्लक राहिलेल्या रकमेपैकी 10 लाख पौंड शिक्षणासाठी बाजूला काढले गेले आणि परीक्षेच्या निकालावर शाळांना अनुदान मिळू लागले. धर्म कोणता हे पाहिले जात नव्हते. पुढच्याच वर्षी सेंट कोलंब्स उभे राहिले.

शाळेची मूळ जागा बिशप स्ट्रीटवर, शहराच्या तटाबाहेर. अठराव्या शतकात प्रॉटेस्टंट बिशप फ्रेडरिक हर्वी याने इथे आपले उन्हाळी घर बांधले होते. आवारात एक जुनी पवनचक्की आहे. 1689 मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या फौजेने डेरीला 105 दिवस वेढा घातला, तेव्हा या पवनचक्कीच्या टेकडीवर लढाई झाली होती. वेढा निभावून नेल्याचा सोहळा डेरीचे प्रॉटेस्टंट आजही साजरा करतात. त्याच जमिनीवर कॅथलिक मुले खेळत वाढली. खाली बॉगसाइड ही गरीब कॅथलिक वस्ती. तिथल्या बायका शर्टांच्या कारखान्यांत राबत आणि पुरुषांना वर्षानुवर्षे काम मिळत नसे.

1921 च्या आयर्लंडच्या फाळणीने धर्मप्रांताचे दोन तुकडे झाले. डॉनिगॉल परगण्यातील इनिशोवन सीमेपलीकडे गेले, तरी तिकडची मुले शाळेच्या वसतिगृहात येतच राहिली. उत्तर आयर्लंडच्या नव्या राज्यात सत्ता प्रॉटेस्टंट युनियनिस्टांची, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्यांची होती. आपल्या शाळा सरकारच्या हाती द्यायला कॅथलिक चर्च तयार नव्हते आणि त्याची किंमत चर्चने मोजली. शाळेच्या इमारतींचा मोठा खर्च लोकांच्या वर्गणीतून उभा राही, आणि फी परवडेल त्यालाच ग्रामर स्कूलचे दार उघडे असे.

1947 च्या शिक्षण कायद्याने हे बदलले. अकराव्या वर्षी एक परीक्षा. ती उत्तीर्ण होणाऱ्याला ग्रामर स्कूलमध्ये मोफत प्रवेश. स्वतंत्र राहिलेल्या शाळांना बांधकामाच्या खर्चाचा 65 टक्के वाटा सरकार देऊ लागले. डेरीतल्या पहिल्या तुकडीत जॉन ह्यूम होता, एका बेकार बापाचा मुलगा. 1951 मध्ये 50-55 किलोमीटरवरच्या एका शेतातून शेमस हीनी नावाचा मुलगा शिष्यवृत्ती घेऊन वसतिगृहात दाखल झाला. नऊ भावंडांत तो थोरला. बॉगसाइडमधून घरूनच ये-जा करणारा शेमस डीन त्याचा सोबती झाला, आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली.

आतले आयुष्य सोपे नव्हते. प्रार्थना, अभ्यास, जेवण, झोप, सगळे घंटेवर चाले. शिक्षक बहुतेक पाद्री. लॅटिनचा भार मोठा, आयरिश भाषेलाही मान, मैदानावर गेलिक फुटबॉल. चामड्याचा पट्टा सर्रास चाले. ‘नॉर्थ’ या 1975 च्या कवितासंग्रहात हीनीने डीनला उद्देशून लिहिलेल्या कवितेत पहिल्याच दिवशीचा तो पट्टा आहे, आणि घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुलाने खाऊची बिस्किटे कुंपणापलीकडे भिरकावल्याचा प्रसंगही आहे. 1953 मध्ये हीनीचा चार वर्षांचा भाऊ मोटार अपघातात गेला. त्यावरची कविता सुरू होते ती शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत, घरी न्यायला कुणी येण्याची वाट पाहताना. पुढे या शाळेबद्दल कृतज्ञतेने बोलणारे अनेक झाले, तसे त्या धाकाच्या जखमा सांगणारेही झाले. दोन्ही साक्षी खऱ्या मानाव्या लागतात.

या पिढीने जे केले, त्यामुळे शाळेचे नाव जगभर पोहोचले. मेनूथच्या सेमिनरीतून पाद्री न होताच परतलेला ह्यूम काही काळ याच शाळेत शिक्षक होता. 1960 मध्ये त्याने सोबत्यांसह डेरीत पतसंस्था उभारली. कॅथलिक बहुसंख्य असूनही वॉर्ड असे आखलेले होते की नगरपालिका युनियनिस्टांच्याच हाती राही. त्याविरुद्धच्या नागरी हक्क चळवळीचा तो नेता झाला. चळवळीची अधिक जहाल बाजू मांडणारा एमन मॅकॅन हाही इथलाच विद्यार्थी. 30 जानेवारी 1972 रोजी ब्रिटिश सैनिकांनी डेरीत मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्यावेळी रक्ताने माखलेला पांढरा रुमाल हलवत जखमी मुलाला वाट करून देणारे फादर एडवर्ड डेली याच वसतिगृहात वाढले होते. पुढे ते डेरीचे बिशप झाले.

ह्यूम आणि हीनी यांच्याआधी इथे शिकलेला नाटककार ब्रायन फ्रील याने 1980 मध्ये ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक डेरीच्याच गिल्डहॉलमध्ये प्रथम सादर केले. त्याचे स्थळ 1833 मधली चोरून भरणाऱ्या शाळांच्या परंपरेतली एक गावशाळा आहे. 1995 मध्ये हीनीला साहित्याचे आणि 1998 मध्ये ह्यूमला युनियनिस्ट नेता डेव्हिड ट्रिंबलसह शांततेचे नोबेल मिळाले. एकाच शाळेचे, जवळजवळ एकाच काळातले दोन विद्यार्थी इतक्या उंचीवर गेल्याची उदाहरणे फार थोडी.

पण अकराव्या वर्षीच्या त्या परीक्षेची दुसरी बाजूही होती. साधारण चारांतील एकच मूल ती पार करी. बाकीची अकराव्या वर्षीच नापासाचा शिक्का घेऊन साध्या माध्यमिक शाळेत जात. एकाच घरातल्या दोन भावांचे रस्ते तिथे फुटत. ज्या बॉगसाइडने डीन आणि मॅकॅन दिले, त्याच गल्ल्यांतली बहुतेक मुले टेकडीवरच्या या शाळेत कधी पोहोचलीच नाहीत.

मुलांची संख्या वाढत गेली तशी 1973 पासून शाळा बंक्रॅना रोडवरच्या नव्या इमारतीत जाऊ लागली. बिशप स्ट्रीटवरच्या जुन्या जागेत 1997 मध्ये लुमेन क्रिस्ती कॉलेज हे मुलामुलींचे कॅथलिक ग्रामर स्कूल सुरू झाले. सरकारी प्रवेश परीक्षा 2008 मध्ये शेवटची झाली. कॅथलिक बिशपांनीही निवडीची पद्धत सोडावी असा आग्रह धरला. तो मानून काही शाळांनी सर्वांना प्रवेश द्यायला सुरुवात केली, तर काहींनी स्वतःच्या खासगी चाचण्या घेऊन जुनी पद्धत चालू ठेवली.